आधीच फोटोत होता

आजचा भाग जामसंड्याहून, घराच्या ओटीवर बसून रेकॉर्ड करतोय. मागे कोंबडा ओरडला तर तो आमच्याच टीममधला आहे असं समजा.

ऑक्टोबर 2024. दसऱ्याला घरी आलो होतो आणि त्याच आठवड्यात त्सुचिनशान-अ‍ॅटलास हा धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला दिसायला लागला. आमची पश्चिम म्हणजे थेट समुद्र. पहिले दोन दिवस ढग. कोजागिरीच्या दोन दिवस आधी आजीला घेऊन देवगडच्या पवनचक्क्यांजवळ गेलो. सूर्य बुडून पाऊण तास झाला तेव्हा शुक्राच्या उजवीकडे, जरा वर, एक पुसट रेघ. मला कशीबशी दिसली. आजी म्हणाली, "माका काय दिसना नाय." मग फोन कठड्यावर टेकवून नाइट मोडमध्ये फोटो घेतला, त्यात शेपटी स्पष्ट आली. फोटो बघून आजी म्हणते, "असा होय, शेंडेनक्षत्र!"

शोध लावणाऱ्यांचंही थोडंफार असंच झालं होतं. 9 जानेवारी 2023 ला चीनमधल्या पर्पल माउंटन वेधशाळेला हा ठिपका दिसला. पण वेळेत दुसऱ्या कुणाचा दुजोरा आला नाही, म्हणून तो यादीतून काढून टाकला गेला. 22 फेब्रुवारीला दक्षिण आफ्रिकेतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीने तोच पुन्हा पकडला. मग जुने फोटो तपासले, तर कॅलिफोर्नियातल्या झेडटीएफच्या 22 डिसेंबर 2022 च्या फोटोंमध्ये साहेब हजर, छोट्याशा शेपटीसकट! दोन महिने डेटा पडून होता.

झेडटीएफ म्हणजे झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी, पालोमार डोंगरावरची 48 इंची दुर्बीण. तिच्या एका फोटोत दोनशेहून जास्त पौर्णिमेचे चंद्र मावतील. ही यंत्रणा, आणि त्याआधीची 2009 ची पालोमार ट्रान्झियंट फॅक्टरी, ज्यांच्या पुढाकाराने उभी राहिली ते श्रीनिवास कुलकर्णी जन्मले कुरुंदवाडला. हो, नरसोबाच्या वाडीशेजारचं कुरुंदवाड. 2024 चा शॉ पुरस्कार त्यांना मिळाला.

आता मुख्य युक्ती. आमच्यातल्या कोडवाल्यांना ती लगेच कळेल, कारण रोजचं डिफ करतो तेच आहे. आकाशाच्या त्याच तुकड्याचा जुना फोटो घ्यायचा आणि आजच्या फोटोतून वजा करायचा. जे होतं ते सगळं जातं, नवं तेवढं उरतं. उरलेला ठिपका थोड्या वेळाने परत बघायचा. सरकला असेल तर तो आपल्या सूर्याच्या अंगणातला, म्हणजे लघुग्रह नाहीतर धूमकेतू. जागीच असेल, आणि बाजूला दीर्घिका असेल, तर कदाचित तिथे तारा फुटलाय. एका दीर्घिकेत शंभर वर्षांत एक-दोन सुपरनोव्हा होतात, म्हणून एकीकडे टक लावून बसण्यात अर्थ नाही, हजारो दीर्घिका एकदम बघाव्या लागतात. आणि घाई असते. 2011 च्या ऑगस्टमध्ये कुलकर्णींच्या टीमने एम 101 दीर्घिकेतला सुपरनोव्हा स्फोटानंतर काही तासांतच पकडला, म्हणून नेमकं काय फुटलं याचा माग लागला. तो प्रकाश इथे यायला 2 कोटी वर्षं लागली, आणि आपण काही तासांसाठी धावतो!

आता माझी फजिती. 2020 चा जून, वर्क फ्रॉम होम, बाहेर धो धो पाऊस. महिनाभर एक तारा दिसला नव्हता आणि मी सुपरनोव्हा शोधत होतो. झेडटीएफचे अलर्ट सगळ्यांसाठी खुले असतात. त्यावर एक स्क्रिप्ट लिहिली. एका रात्री दीडच्या सुमारास दीर्घिकेला चिकटून एक चकचकीत नवा ठिपका मिळाला. त्या जागी आधी काहीच नाही. हात थरथरले, खोटं कशाला बोलू. मित्राला उठवलं. रिपोर्टचा मजकूरसुद्धा लिहून ठेवला. पाठवायच्या आधी त्या अलर्टमधली सगळी फील्ड्स एकदा वाचली. त्यात एक फील्ड असतं, सगळ्यात जवळचा माहीत असलेला लघुग्रह किती लांब आहे ते. माझा सुपरनोव्हा त्याच्यावरच बसला होता. दुसऱ्या फोटोची वाटही मी पाहिली नव्हती. मित्र अजून मला लघुग्रह म्हणतो.

दुसरा फोटो मात्र दरवेळी त्याच दुर्बिणीला मिळेल असं नाही, पालोमारला उजाडतंच. म्हणून लडाखमध्ये हान्लेला आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्थेची 70 सेंटिमीटरची रोबोटिक दुर्बीण आहे, 2018 पासून. तिकडे दिवस झाला की इकडे रात्र, म्हणजे रिलेतली काठी हातात घेतल्यासारखं. नाव ग्रोथ-इंडिया टेलिस्कोप, लघुनाव गिट. मी नाही ठेवलं.

पवनचक्क्यांपाशी त्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट खटकली. क्षितिजावर पांढऱ्या दिव्यांची रांग. एलईडी लावून मासेमारीला बंदी आहे, इथल्या रापणवाल्यांना त्याचा किती राग आहे ते वेगळं सांगायला नको. माझी तक्रार त्यामानाने किरकोळ: नेमका धूमकेतूखालचा भाग धुऊन निघाला होता. झेडटीएफचंही दुखणं तसंच, फक्त दिवे वर आहेत. संधिप्रकाशात घेतलेल्या तिच्या फोटोंपैकी 2019 च्या शेवटी अर्ध्या टक्क्याहून कमी फोटोंत स्टारलिंक उपग्रहांच्या रेघा होत्या, ऑगस्ट 2021 मध्ये जवळपास 18 टक्के. सूर्याजवळचे धूमकेतू शोधायची वेळ हीच.

स्क्रिप्ट अजून चालू आहे. आता ते लघुग्रहाचं फील्ड सगळ्यात आधी तपासते. काल रात्री तीन ठिपके उरले, तिन्ही कुणीतरी आधीच कळवलेले. आज रात्री परत बघतो.