गोव्याच्या नदीकाठची गोदी आणि आपण

(बंगळूर येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



बंगळुरात येऊन आम्ही गोव्याच्या नद्यांविषयी का बोलतो, असे कुणी विचारील. होस्पेटकडचे लोहखनिज घेऊन कॅसलरॉकचा घाट उतरणाऱ्या मालगाड्या आपणा रेल्वेवाल्यांना ठाऊक आहेत. त्या ज्या मुरगाव बंदरात जातात, त्याच बंदरात गोव्याचे खनिज नदीने येते. माल एक, बंदर एक. कामगारांची स्थिती मात्र एक नाही.

खाणीतून ट्रकने धक्क्यावर आणि तेथून बार्जने मांडवी किंवा झुआरीतून बंदरात, अशी ही वाहतूक. पावसाळ्यात मांडवीचे मुख धोक्याचे होते, तेव्हा बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरतात. या बार्ज बांधण्यासाठी नदीकाठी गोद्या उभ्या राहिल्या. गोदीत वेल्डर, फिटर. पाण्यावर सारंग, इंजिन ड्रायव्हर, खलाशी.

सप्टेंबर 2012 मध्ये खाणी बंद झाल्या. बेकायदा खाणकाम झाले होते, हे आम्ही झाकत नाही. 2014 मध्ये बंदी उठली. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चमध्ये काम पुन्हा थांबले. चूक केली वरच्यांनी. घरी बसला खलाशी आणि वेल्डर.

आता वास्कोचे गोवा शिपयार्ड पाहा. पोर्तुगीज अमदानीत 1957 साली ही गोदी निघाली तीही खनिजाच्या बार्ज बांधण्यासाठीच. पुढे ती सार्वजनिक क्षेत्रात आली, नौदल आणि तटरक्षक दलासाठी जहाजे बांधू लागली. खाणी थांबल्या, पण तिचे फाटक बंद झाले नाही.

अमेरिकेत पिट्सबर्गजवळ ओहायो नदीतील नेव्हिल बेटावर ड्रॅव्हो कंपनीची गोदी होती. कोळशाच्या बार्ज ढकलणाऱ्या टोबोटी तेथे बनत. दुसऱ्या महायुद्धात सरकारी मागणीवर तिने रणगाडे किनाऱ्यावर उतरविणारी जहाजे बांधली. 1982 साली तीही बंद पडली. हातात कसब होते, पण हाताला काम देणारी ऑर्डर नव्हती.

जुलै 2013 मध्ये तारसेवा बंद झाली, तेव्हा तारेच्या कर्मचाऱ्यांना दुसऱ्या कामावर घेतले गेले. कारण त्यांच्या पाठीशी सरकारी नोकरी होती, युनियन होती. बार्जवरच्या खलाशाच्या पाठीशी काय आहे?

2016 च्या कायद्याने मांडवी, झुआरी आणि कुंभारजुवा हे राष्ट्रीय जलमार्ग ठरले. मग आमची मागणी साधी आहे. या जलमार्गांसाठी लागणाऱ्या फेरीबोटी, टग आणि बार्ज यांची कामे नदीकाठच्या गोद्यांना द्या. काम थांबले तर कामगाराला पर्यायी काम किंवा पगार द्या.

बंधूंनो, ही मागणी त्यांची एकट्यांची समजू नका. आज ठेकेदारी आपल्या यार्डात आणि टपाल कचेरीतही शिरली आहे. ज्याच्या मागे संघटना नाही, त्याच्या मागे आपण उभे राहू.

कामगार एकजुटीचा विजय असो!