शनवारचा बैल आणि दारातली कुत्री

(कोरगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



कमळेश्वराच्या या गावात बोलायला उभे राहिले की थोडे दडपण येते. बाहेर मी प्राध्यापक असते. इथे मात्र अजून अमक्याची नातच आहे. संयोजकांनी ‘भाषा आणि धर्म’ एवढेच सुचवून विषय माझ्यावर सोपवला. मी निवडलेला विषय सांगितला, तेव्हा फोनवर पलीकडून काही क्षण आवाजच आला नाही. विषय असा: पाळीव जनावरांची नसबंदी आणि ज्यू धर्मशास्त्र.

पेडण्यात ज्यू कोण आहेत, असे तुम्ही विचाराल. पण या विषयाची सुरुवात माझ्यासाठी याच गावात, आमच्या गोठ्यात झाली. मी आठ वर्षांची असेन. आमच्या पाड्याला जोताला लावायचे होते, म्हणून एका सकाळी बाहेरून दोन माणसे आली. आजीने मला घरात घेऊन दार लोटले. मला दिसले काहीच नाही, ऐकू मात्र आले. आजोबाही तिथे थांबले नाहीत. ते बांधावर जाऊन उभे राहिले आणि सगळे आटोपल्यावरच परतले. पुढे केव्हा तरी मी त्यांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “आपणें करपाचें न्हय, करून घेवपाचें.” आपण करायचे नाही, करून घ्यायचे.

हे वाक्य पुष्कळ वर्षे मनात पडून होते. त्याची आठवण झाली ती संशोधनाच्या काळात. कीर्तनवाङ्मयाचा अभ्यास करताना मला बेने इस्राएल समाजाची मराठी कीर्तने भेटली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने, आणि तीही आपल्या कीर्तनाच्या बाजाने, मराठीत. 1880 साली या समाजाने मुंबईत ‘कीर्तनोत्तेजक मंडळ’ स्थापन केले होते. त्याआधी, 1874 साली, वल्हांडणाच्या रात्री वाचायची हगादा मराठी भाषांतरासह पुण्यात छापली गेली होती. त्यांच्या परंपरेनुसार अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटले आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून हा समाज वाढला. कोकणात त्यांचा मुख्य धंदा तेल काढण्याचा. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना नाव दिले ‘शनवार तेली’.

या नावाकडे जरा थांबून पाहू या. शनिवारी घाणा बंद म्हणजे तेली थांबला, तसा बैलही थांबला. शब्बाथाच्या आज्ञेत मालकाबरोबर त्याच्या गुराढोरांनाही विश्रांती सांगितलेली आहे. म्हणजे एका समाजाचे मराठी नाव काही अंशी बैलाच्या सुटीवरून पडले आहे! पण घाण्याला जुंपायचा बैल कोणता? वळू कोणी जुंपत नाही. जुंपायचा तो खच्ची केलेला बैल. आणि नेमके इथेच ज्यू धर्मशास्त्र आडवे येते.

बायबलच्या लेवीय या पुस्तकात, 22 व्या अध्यायातील 24 व्या वचनात, चिरडून, ठेचून, तोडून किंवा कापून ज्याचे पुरुषत्व घालवले आहे असे जनावर यज्ञाला चालणार नाही असा नियम आहे. पुढे आपल्या भूमीत असे न करण्याची आज्ञा येते. हे शेवटचे शब्द केवळ यज्ञपशूपुरते घ्यायचे का? ज्यू पंडितांनी ते तसे घेतले नाहीत. तालमुदातील हगीगा या प्रकरणात एक प्रसंग आहे. दुसऱ्या शतकातील बेन झोमा या विद्वानाला कोणी तरी विचारले, कुत्र्याला खच्ची करणे चालेल का? कुत्रा यज्ञात कधीच जात नाही. म्हणजे प्रश्न विचारणाराही काही कमी नव्हता. बेन झोमाने त्याच वचनाकडे बोट दाखवले आणि सांगितले की भूमीत जे जे काही आहे, त्या सर्वांना हा निषेध लागू आहे. आपण ज्याला आजचा प्रश्न समजतो, तो असा इतका जुना आहे.

शब्बाथ या प्रकरणात कोंबड्याची चर्चा आहे. कोंबड्याचा तुरा काढला की तो आपोआप खच्ची होतो, असे एक मत मांडले जाते. त्यावर राव आशी हा पंडित म्हणतो की त्यात खरे खच्चीकरण काहीच नाही. तुरा गेल्यामुळे त्याचा फक्त तोरा जातो. हे वाचले तेव्हा मला आपली वर्तमानपत्रे आठवली. ‘कार्यकर्त्यांचे खच्चीकरण’, ‘मनोधैर्याचे खच्चीकरण’ असे मथळे रोज दिसतात. ‘खच्ची’ हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसी वळणाने आला, गोठ्यात राहिला, आणि आता गोठा सोडून सभागृहात गेला. मनोधैर्याला तो लावताना ज्या जनावरावरून तो आला, त्याची कोणाला आठवण होत नाही.

पण माझ्या आजोबांच्या वाक्याला थेट उत्तर मिळाले ते बावा मेत्सिया या प्रकरणात. तिथे बैलांचाच प्रश्न आहे. ज्यू शेतकऱ्यांचे बैल परधर्मी लोक ‘चोरून’ नेत, खच्ची करत, आणि मग ते बैल मालकाकडे परत येत. या बैलांचे काय करायचे, असे श्मुएलच्या वडिलांना विचारण्यात आले. त्यांनी ओळखले की इथे युक्ती झाली आहे. त्यांचा निर्णय असा की युक्तीला युक्तीनेच उत्तर द्या. हे बैल मालकाला विकायला लावा. योसेफ कारो यांचा ‘शुल्हान आरूख’ हा धर्मनियमांचा ग्रंथ 1565 साली व्हेनिसमध्ये छापला गेला. त्यातही हा नियम पक्का आहे. स्वतः करायचे नाही, आणि दुसऱ्याला ‘माझ्या जनावराला कर’ असे सांगायचेही नाही. बाजारातून खच्ची बैल विकत घेतला, त्याला राबवला, तर दोष नाही. म्हणजे घाण्याला बैल जुंपता येतो. पण खोंड घरी वाढवून बाहेरच्या माणसाकडून बडवून घेता येत नाही. मालकाने बांधावर जाऊन उभे राहण्याची सोय हे शास्त्र देत नाही.

इथे व्याकरणाच्या शिक्षकांची आठवण येते. मराठीत आपण प्रयोजक क्रियापद शिकवतो: करणे, करवणे. मुले ते पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. या धर्मशास्त्राने मात्र प्रयोजक क्रियापद फार गंभीरपणे घेतले आहे. करणाऱ्याला आणि करवणाऱ्याला ते एकाच वाक्यात उभे करते.

म्हणून हे शास्त्र कठोरच राहिले असे समजू नका. मुक्या जनावराला वेदना न देणे हेही तिथे धर्मकर्तव्य आहे. मादीच्या बाबतीत नियम थोडा सौम्य आहे. बाराव्या शतकातील मायमोनिदीस यांच्या मते मादीला वांझ करणे निषिद्ध आहे, पण त्यासाठी नराच्या बाबतीत सांगितलेली शिक्षा नाही. आजच्या काही धर्मगुरूंनी याच वाटेने पुढे जाऊन पर्याय सांगितले आहेत. कोणी म्हणतात, जनावर आधी परधर्मीयाला विकून टाका, मग नवा मालक काय ते करील. कोणी म्हणतात, एका परधर्मीयाला सांगा आणि त्याने दुसऱ्या परधर्मीय डॉक्टरला सांगावे. हे ऐकून हसू येते. हे तर प्रयोजकाचेही प्रयोजक झाले! पण मला त्यात प्रामाणिकपणाही दिसतो. वचन पुसून टाकलेले नाही. रस्त्यावर उपाशी मरणारी पिलेही नजरेआड केलेली नाहीत. दोन्ही समोर ठेवून माणसे वाट शोधत आहेत, आणि वाट काढताना आपण वाट काढत आहोत हे लपवत नाहीत.

ही ओढाताण राज्यकारभारातही दिसते. 2015 साली इस्राएलचे कृषिमंत्री उरी एरिएल यांनी धर्मनियमाचा हवाला देऊन असे सुचवल्याची बातमी आली, की भटक्या मांजरांच्या नसबंदीसाठी ठेवलेला पैसा ती मांजरे परदेशी पाठवण्यासाठी वापरावा. त्यावर खूप टीका झाली, थट्टाही झाली. थट्टा सोपी आहे. पण तो पेच खोटा नव्हता.

आपल्या भूमीतही हा विचार नवा नाही. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात पक्षातील ठरावीक तिथींना आणि काही नक्षत्रांच्या दिवशी बैल, बोकड, मेंढे, डुकरे यांना खच्ची करू नये अशी आज्ञा दिली. ज्यू शास्त्राने कृत्य बंद केले, अशोकाने दिवस बंद केले. शेतीला बैल लागणारच हे सम्राटाला ठाऊक होते. निदान काही दिवस तरी त्या हातांनी थांबावे, एवढेच त्याने मागितले.

आता आजच्या गोव्याकडे येऊ. कुत्रा आणि रेबीज यांचे भय काय असते, ते आपल्या आधीच्या पिढीला सांगायला नको. 2014 पासून आपल्या राज्यात कुत्र्यांना लस टोचण्याची मोठी मोहीम चालली आणि 2021 साली गोवा हे देशातील पहिले रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. हे यश मुख्यतः लसीकरणाचे. पण पिलावळ वाढत राहिली, तर लस न टोचलेली नवी कुत्री सतत येत राहतात. म्हणून नसबंदी त्याच्या जोडीने चालते. केंद्राचे नियम 2001 साली आले आणि 2023 साली नव्याने झाले. कुत्रा पकडायचा, शस्त्रक्रिया करायची, लस टोचायची, आणि जिथून नेला तिथेच आणून सोडायचा. ओळख म्हणून त्याच्या कानाला छोटी खाच पाडतात.

आमच्या दारातल्या चिंगीच्या कानाला अशी खाच आहे. तिला दोनदा पिले झाली. दुसऱ्या खेपेची पाच पिले मी कोणाकोणाला द्यायला फिरले. दोन गेली, एक गाडीखाली सापडले, उरलेली दोन ऐन पावसात एकामागून एक गेली. त्यानंतर मी तिला शस्त्रक्रियेला नेले. मला एक फॉर्म देण्यात आला. त्यावर ‘निर्बीजीकरण’ असा शब्द होता आणि खाली ‘मालकाची सही’. मी सही केली आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. बसल्यावर लक्षात आले, की मी बांधावर उभी आहे.

माझा निर्णय चुकला असे मला वाटत नाही. तीच वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन, आणि पेडण्यातल्या प्रत्येकाने आपल्या कुत्र्यामांजराच्या बाबतीत ते करावे असेही सांगेन. ज्यू धर्मशास्त्राचा निषेध मी तुमच्यावर लादायला आलेले नाही. मला त्याच्याकडून घ्यायची आहे ती फक्त कर्ता न लपवण्याची सवय. ‘निर्बीजीकरण करण्यात आले’ या वाक्यात कुत्री नाही, डॉक्टर नाही, आणि मी तर नाहीच. आपले शासकीय मराठी अशा वाक्यांनी भरलेले आहे: झाडे हटवण्यात आली, कुटुंबांचे स्थलांतर करण्यात आले. कुणी हटवली, कुणी करवले, हे वाक्यातून निसटून जाते.

म्हणून शिक्षकांना माझी एक विनंती आहे. पुढच्या वेळी कर्मणी प्रयोग आणि प्रयोजक क्रियापद शिकवाल, तेव्हा मुलांना वर्तमानपत्रातली अशी पाच वाक्ये द्या आणि त्यांत कर्ता परत आणायला सांगा. एखाद्या वाक्यात तो सापडणार नाही. तिथे रिकामी जागा सोडायला सांगा; ती जागा दिसली तरी पुरे.

मी माझ्यापुरते ते वाक्य लिहून ठेवले आहे. तिला विचारणे शक्य नव्हते. तिची आणखी पिले मरताना मला पाहवली नसती. म्हणून मी चिंगीचे गर्भाशय डॉक्टरांकडून काढून घेतले. वाक्य लांबले आहे आणि ऐकायला गोड नाही, पण त्यात मी आहे. आजोबांनी त्या सकाळी बांधावर उभे राहून काय विचार केला असेल, ते मला कळायला चाळीस-पंचेचाळीस वर्षे लागली. त्यांना आत पाहवत नव्हते, आणि बैलाशिवाय शेतीही होत नव्हती. ते दोन्ही त्यांनी एका छोट्या वाक्यात बांधून माझ्या हाती दिले. त्यातले ‘करून घेवपाचें’ हे क्रियापद आज मी तुमच्यासमोर सोडवून पाहिले.