फेसाचं घरटं

पावसाळ्यात न्हाणीच्या भिंतीला चिकटलेला तपकिरी बेडूक आपण सगळ्यांनीच पाहिलाय. हा झाडबेडूक. त्याच्या बोटांच्या टोकांना चकत्या असतात, म्हणून तो गुळगुळीत भिंतही चढतो. तो माणसाला काही करत नाही. उलट घरातले, वाडीतले किडे खातो. त्याला झाडूने मारू नका.

याच दिवसांत टाकीच्या कडेला किंवा बावखलावर वाकलेल्या फांदीला साबणासारखा पांढरा फेस दिसतो. घाण समजून आपण तो धुऊन टाकतो. पण ते घरटं आहे! अंडी घालताना मादी चिकट द्रव सोडते आणि मागच्या पायांनी घुसळून त्याचा फेस करते. तो वरून वाळतो, आत ओल राहते. काही दिवसांनी पिल्लं टपटप खाली पाण्यात पडतात. खाली पाणी नसेल, तर ती जगत नाहीत.

शेतातल्या मोठ्या बेडकांच्या तंगड्या पूर्वी परदेशी जायच्या. सरकारने १९८७ मध्ये ती निर्यात बंद केली. पण बावखल बुजवलं, तर बेडकाला कोणता कायदा वाचवणार? आणि आपण अर्नाळ्याची माणसं समुद्रालगत राहतो. बावखलात पावसाचं पाणी मुरतं, तेव्हाच विहिरीचं पाणी गोडं राहतं.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. पिण्याच्या टाकीला झाकण लावा. तिथे फेस दिसलाच, तर तो पानावर अलगद उचलून बावखलाच्या काठी, पाण्यावर झुकलेल्या सावलीतल्या फांदीवर ठेवा. आणि गटाच्या पुढच्या बैठकीत आपल्या आळीतली बावखलं मोजून वहीत लिहू या. नोंद असली, की ग्रामसभेत बोलता येतं.