घरातल्या दोन संगणकांची बोलणी

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात ज्येष्ठ सभासदांच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला विषय दिला होता 'निवृत्तीनंतरचे अर्थनियोजन'. त्यावर मी गेल्या दोन गणेशोत्सवांत बोललोय आणि दोन्ही वेळा लोकांनी घड्याळं पाहिलीत. म्हणून परवानगी घेऊन विषय बदलला. आपल्या इमारतीत बहुतेक घरांत आता दोन-दोन, तीन-तीन संगणक आहेत. एक जुना, टेबलावरचा, ज्यात सगळं आहे. एक नवा, मुलाने दिलेला, ज्यात काहीच नाही. आणि दोघांचं आपसात पटत नाही. एकातली फाइल दुसऱ्यात दिसत नाही. ही तक्रार मला लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, एकदा तर थेट वळवणच्या धरणावर फिरायला गेलो असताना ऐकायला मिळाली. त्यावर बोलतो.

आधी थोडं बँकेचं. मी नोकरीला लागलो तेव्हा शाखेत लेजर असायचं. एक खातं, एक पान, आणि ते लेजर एका वेळी एकाच टेबलावर. कॅशियरला सही तपासायची तर लेजर त्याच्याकडे जायचं, तोवर पोस्टिंग करणारा हात बांधून बसायचा. १९८४ साली डॉ. सी. रंगराजन समितीचा अहवाल आला आणि पुढे शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रं आली. पण खरा फरक पडला तो संगणक तारेने जोडले गेले तेव्हा. तेच लेजर चार टेबलांवर एकदम उघडायला लागलं. फाइल शेअरिंग म्हणजे एवढंच. वस्तू हलत नाही, ती जिथे आहे तिथेच राहते, दुसऱ्याला ती बघायची परवानगी मिळते.

आता प्रत्यक्ष उदाहरण. आपल्याच इमारतीतल्या एका वहिनींचं आहे. त्यांची संमती घेतली आहे, नाव सांगणार नाही, ओळखणारे ओळखतीलच. त्यांचे यजमान गेले. ते अतिशय टापटिपीचे गृहस्थ. मुदतठेवींची यादी, विमा, शेअर सर्टिफिकेटची स्कॅन केलेली प्रत, कुठे कोणाचं नामनिर्देशन केलंय त्याची टिपणं, आणि या सोसायटीच्या पहिल्या भूमिपूजनापासूनचे फोटो, सगळं त्यांच्या जुन्या विंडोज सातच्या संगणकात. सोसायटीत सभासदत्व वहिनींच्या नावे करायचं तर कागद लागतात. आपल्या कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर नॉमिनीला आधी तात्पुरतं सभासद करून घेतात, कायमचं नाव लागायला वारसाचा पुरावा किंवा कुटुंबातली व्यवस्था दाखवावी लागते. म्हणजे टिपणांशिवाय सुरुवातच होईना.

मुलाने परदेशातून नवा लॅपटॉप पाठवला. जुन्या संगणकाची तब्येत अशी की पेनड्राइव्ह लावला की तो बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. ई-मेलने पाठवावं तर सगळा ऐवज ४० जीबीच्या आसपास, आणि एका मेलला मर्यादा २५ एमबीची. दुरुस्तीवाल्याने सांगितलं, डिस्क काढून न्यावी लागेल. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ती पेटी घराबाहेर जाऊ द्यायची नाही." मला ते पटलं. मग घरातल्या घरात, नेटवर्कवरूनच ते काढायचं ठरलं.

लॅपटॉपवर 'नेटवर्क' उघडलं. जुना संगणक दिसेना. इथे बहुतेक लोक काय करतात? दोन्ही बंद करून चालू करतात, मग मुलावर चिडतात. बँकेत ताळा जुळला नाही तर आपण सगळ्या खतावण्या पुन्हा लिहीत नव्हतो. फरक कुठल्या टप्प्यावर आला ते शोधत होतो. इथेही तसंच. पहिला प्रश्न एकच : दोघे एकाच गावात राहतात का?

प्रत्येक संगणकाला घरात एक पत्ता मिळतो. स्टार्टमध्ये 'सीएमडी' लिहून जी काळी खिडकी उघडते, तिथे 'आयपीकॉन्फिग' टाइप केलं की तो दिसतो. लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होत होता, जुन्या संगणकाचा १९२.१६८.० ने. घरगुती जोडणीत पहिले तीन आकडे जुळायला हवेत. (पत्ता १६९.२५४ ने सुरू झाला तर समजा की त्याला पत्ता मिळालेलाच नाही. वायर किंवा वायफाय तपासा.)

कारण लगेच सापडलं. नवं फायबर आलं तेव्हा बाहेरच्या खोलीत नवा डबा बसला. आतल्या खोलीतला जुना पांढरा डबा तसाच ठेवून त्याला नव्या डब्याची वायर जोडली. इंटरनेट दोन्हीकडे चालू, म्हणून कोणाला शंका आली नाही. पण आता घरात दोन डबे पत्ते वाटत होते. शाखेत दोन टोकन यंत्रं ठेवल्यासारखं. आतल्या डब्यामागचा माणूस बाहेर जाऊ शकतो, बाहेरच्याला आत त्याचा पत्ता लागत नाही. उपाय असा : जुन्या डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याला नव्याच्या गावातला एक रिकामा पत्ता द्यायचा, त्याचं टोकन वाटणं, म्हणजे डीएचसीपी, बंद करायचं, आणि मग वायर 'वॅन' लिहिलेल्या वेगळ्या रंगाच्या खाचेतून काढून शेजारच्या साध्या 'लॅन' खाचेत लावायची. क्रम हाच ठेवा. आधी वायर हलवली तर गोंधळ होतो. तुमच्याकडे एकच डबा असेल आणि तरी दिसत नसेल, तर एखादा संगणक पाहुण्यांच्या वायफायवर तर नाही ना ते बघा. 'गेस्ट' नावाचं ते वायफाय मुद्दाम असं केलेलं असतं की पाहुण्याला घरातलं काही दिसू नये.

जुना संगणक पुन्हा सुरू केला. पत्ते जुळले. तरी फाइल नाही. विंडोज सातला हे नेटवर्क नवं वाटलं आणि त्याने विचारलं : घर, ऑफिस की पब्लिक? वहिनींनी ती खिडकी सवयीने फुलीवर दाबून बंद केली. बंद केली की तो पब्लिक धरतो. पब्लिक म्हणजे स्टेशनवरचा प्रतीक्षागृह. तिथे शहाणा माणूस बॅग उघडत नाही. विंडोज दहा आणि अकरामध्ये याच दोन निवडींना पब्लिक आणि प्रायव्हेट म्हणतात. आपलं घरचं नेटवर्क प्रायव्हेट करायचं, आणि शेअरिंगच्या सेटिंगमध्ये 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू करायचं. फायरवॉल बंद करायची गरज नाही. यूट्यूबवर जो तो "फायरवॉल बंद करा" म्हणून सांगतो, तो दार न उघडता भिंत पाडायला सांगतोय.

नेटवर्कच्या यादीत नाव आलं नाही तरी घाबरू नका. ती यादी वर्तमानपत्रातल्या रेल्वेच्या वेळापत्रकासारखी आहे, गाडी असते आणि छापलेली नसते. फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि त्यापुढे जुन्या संगणकाचा पत्ता लिहून एंटर मारा. यादीत नसला तरी उघडतो. आमचा उघडला, आणि त्याने नाव व पासवर्ड मागितला.

आता सगळ्यात जास्त घरं अडकतात ती इथे. वहिनींनी लॅपटॉपचा चार आकडी पिन घातला. चालला नाही. कसा चालणार? खातं ज्या शाखेत, नमुना सही त्या शाखेत, हे आमच्या कोअर बँकिंगच्या आधीच्या लोकांना सांगायला नको. जो संगणक फाइल देणार आहे, त्याच्यावरचं नाव आणि त्याच्यावरचा पासवर्ड द्यायचा. शिवाय पिन त्या एका यंत्रापुरता असतो, नेटवर्कवर त्याला किंमत नाही.

पण जुन्या संगणकाला तर पासवर्डच नव्हता! यजमान बटण दाबायचे, थेट पडदा यायचा. आपण म्हणू, मग रिकामंच सोडू. विंडोज ते नाकारतं. पासवर्ड नसलेल्या खात्याला समोर बसून उघडता येतं, नेटवर्कवरून नाही. हा नियम त्यात मुळातच घातलेला आहे आणि माझ्या मते अत्यंत योग्य आहे. जुन्या संगणकावर यजमानांच्या खात्याला पासवर्ड घातला. कोणता घालायचा हे वहिनींनी ठरवलं, मी तोंड फिरवून उभा राहिलो. पुन्हा लॅपटॉपवर नाव, पासवर्ड, आणि फोल्डर उघडला.

सगळे नाही. 'फोटो' उघडला, 'ठेवी' उघडला, 'सोसायटी' म्हणे परवानगी नाही. नेमका तोच हवा होता. तो फोल्डर यजमानांनी त्याच्याही आधीच्या संगणकाच्या डिस्कवरून आणलेला, त्यामुळे त्याच्यावर मालक म्हणून जुन्या यंत्रातलं खातं नोंदलेलं होतं. बँकेचा लॉकर आठवा. दोन किल्ल्या लागतात. शेअर केलेल्या फोल्डरलाही दोन परवानग्या असतात : एक 'शेअरिंग'ची, दुसरी 'सिक्युरिटी'ची. शेअरिंगमध्ये कितीही उदारपणे सगळ्यांना मोकळीक द्या, सिक्युरिटीत नाव नसेल तर कुलूप तसंच. जुन्या संगणकावर त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये, सिक्युरिटीच्या पानावर, यजमानांचं सध्याचं खातं जोडलं. उघडला. टिपणं आत होती, तारखेनुसार.

मग नुसती कॉपी. १०० एमबीपीएसच्या वायरवर सेकंदाला साधारण १० एमबी जातात, म्हणजे ४० जीबीला तासाभरापेक्षा थोडं जास्त. वायफायवर याचा भरवसा नाही, वायरच लावा. जुना संगणक मध्येच झोपी जातो, ते 'स्लीप' आधी बंद करा. आणि पावसाळा असेल तर लाइटचा अंदाज घ्या. आपल्या तलावांचं पाणी खाली खोपोलीला सोडून टाटांनी १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवली, आणि आषाढात आपल्याकडे दिवे जातात, हे आपण पिढ्यान् पिढ्या सहन करतोय. इन्व्हर्टरवर संगणक आणि डबा दोन्ही आहेत ना, ते बघा.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगतो. काही घरांत जुना स्कॅनर किंवा जुनी नेटवर्क डिस्क असते, ती विंडोजच्या नव्या आवृत्तीशी बोलत नाही. कोणीतरी सांगतो, 'एसएमबी वन' चालू करा. ती फाइल शेअरिंगची सगळ्यात जुनी भाषा. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला तो त्याच भाषेतल्या भोकातून; इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांची कामं अडली. दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती, ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले. त्याच वर्षापासून विंडोज दहाच्या नव्या आवृत्तीत ती भाषा मुळातून बंद येऊ लागली. ती बंदच राहू द्या, स्कॅनर बदला. विंडोज सातचा आधार जानेवारी २०२० ला संपला, दहाचा १४ ऑक्टोबर २०२५ ला. वहिनींच्या जुन्या संगणकाचं इंटरनेट कॉपी झाल्याच दिवशी तोडलं.

आणि शेअरिंग म्हणजे प्रत नव्हे. सोसायटीच्या कार्यालयातला संगणक दोन टेबलांवर दिसतो म्हणून इतिवृत्तं दोन ठिकाणी आहेत असं समितीने समजू नये. ती एकाच डिस्कवर आहेत. २५ वर्षांचं सभासद रजिस्टर, लेखापरीक्षण अहवाल, सगळं. एक बाहेरची डिस्क आणा, महिन्यातून एकदा प्रत घ्या आणि ती कार्यालयात ठेवू नका. हा खर्च मंजूर करायला सर्वसाधारण सभेची वाट बघू नये असं मी खजिनदारांना इथेच, सर्वांच्या साक्षीने सांगतो.

वहिनींचा अर्ज समितीकडे आला आहे. या स्मरणिकेतले भूमिपूजनाचे फोटो त्याच फोल्डरमधले आहेत.

दर रविवारी सकाळी ११ ते १२ मी सोसायटीच्या कार्यालयात बसतो. ज्यांचे संगणक बोलत नाहीत त्यांनी लॅपटॉप आणा, चार्जर आणा, आणि घरच्या टेबलावरच्या संगणकाचा पत्ता व खात्याचं नाव चिठ्ठीवर लिहून आणा. पासवर्ड लिहून आणू नका, आणि मला सांगू तर मुळीच नका. चहा तयार आहे असा निरोप आलाय, बसतो.