दोनशे तासांची वही

(ट्रॉम्बे येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मी याच भागात लहानाचा मोठा झालो. वडील अणुशक्तीनगरातून पाळीला जायचे. आत काय काम करतात हे त्यांनी घरी कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. पण पाळी संपताना लॉग लिहायचा, लिहिलेलं खरवडायचं नाही, चुकलं तर एकच आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची, हे मात्र त्यांनी मला माझ्या गणिताच्या वहीवर शिकवलं. 4 ऑगस्ट 1956 ला इथे अप्सरा अणुभट्टी सुरू झाली. तेव्हापासून या डोंगराच्या पायथ्याशी किती पाळ्यांनी अशा नोंदी लिहिल्या असतील! समोर बसलेल्यांपैकी अनेकांनी त्या लिहिल्या आहेत. पुढे मी विमानं चालवली, आणि नंतर काही वर्षं नव्या वैमानिकांच्या मुलाखती घेणाऱ्यांत बसलो. तेव्हा लक्षात आलं की उमेदवार काय बोलतो त्याच्या आधी त्याची वही बोललेली असते.

आपल्याकडे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळायला किमान 200 तासांचं उड्डाण लागतं. त्यातले 100 तास विमानाची जबाबदारी एकट्याच्या खांद्यावर, म्हणजे पायलट इन कमांड म्हणून. त्यात 20 तास क्रॉस कंट्री, आणि एक लांबचा प्रवास किमान 300 सागरी मैलांचा, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरांहून थोडा जास्त, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. उपकरणांवर 10 तास, त्यातले जास्तीत जास्त 5 सिम्युलेटरवर चालतात. रात्रीचे 5 तास, दहा उड्डाणं आणि दहा अवतरणांसह. यातल्या प्रत्येक आकड्याचा पुरावा एकाच ठिकाणी असतो, लॉगबुकात. 1937 च्या विमान नियमांनी ते शाईनं लिहायला सांगितलं आहे. आता नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, ईजीसीए संकेतस्थळावर ई-लॉगबुकही आलं आहे. पण कागदावर एक आणि संगणकावर दुसरंच असेल तर दोन वह्या असून उपयोग काय?

मुंबईला उडायला शिकणं नवं नाही. जुहूचा विमानतळ 1928 चा, मुंबई फ्लाइंग क्लबही त्याच वर्षीचा. जे.आर.डी. टाटांना 10 फेब्रुवारी 1929 ला परवाना मिळाला, त्याच्यावर क्रमांक 1 होता. 15 ऑक्टोबर 1932 ला ते कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले ते पुस मॉथ विमानातून. आज त्या क्लबची मुलं धुळ्याला शिकतात, बाकीची बारामतीला, गोंदियाला, नागपूरला, नाहीतर थेट अमेरिकेत. घर गहाण टाकून शिकवणारे आईबाप मी पाहिले आहेत. म्हणून मला पोटतिडकीनं सांगावंसं वाटतं की एवढा खर्च करून मिळवलेले तास बेरजेच्या चुकीनं संशयात पडू देऊ नका.

अमेरिकेतून आलेल्या वह्यांत एक चूक मी वारंवार पाहिली. तिथे वेळ दशांशात लिहितात. 1.3 म्हणजे एक तास अठरा मिनिटं, कारण दशांशाचं एक घर सहा मिनिटांचं. इकडे तास आणि मिनिटांच्या रकान्यात उतरवताना मुलं 1:30 लिहून मोकळी होतात. एका उड्डाणात बारा मिनिटं वाढली. अशी चाळीस उड्डाणं झाली की आठ तास हवेतून आले, आणि ते हवेत घालवलेले नाहीत! त्या मुलाच्या मनात खोट नसते. पण समोर बसलेल्या माणसाला ते कसं कळावं?

दुसरी चूक घड्याळाची. विमानाच्या नोंदी जागतिक वेळेत, म्हणजे यूटीसीत होतात. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. संध्याकाळी सातला रात्रीच्या सरावासाठी उडालात तर वहीत 13:30 यायला हवं. घाईत 19:00 लिहिलंत, तर वाचणाऱ्याच्या हिशेबात तुम्ही मध्यरात्रीनंतर साडेबाराला उडालात. त्या वेळी तुमच्या शिकाऊ विमानतळाचे दिवे बंद असतात. मग उडालात कसे, असा प्रश्न मीच एका मुलाला विचारला होता. त्यानं वही हातात घेतली, पानं उलटली, आणि गप्प बसला. आपल्या वहीतलं ते पान त्यानं बहुधा लिहिल्यापासून पाहिलंच नव्हतं.

उड्डाणाचा वेळ मोजायचा तो विमान उड्डाणासाठी स्वतःच्या बळावर हलतं तिथपासून ते शेवटी थांबेपर्यंत. चाकांखालचे ठोकळे निघाल्यापासून ठोकळे लागेपर्यंत, असं आम्ही म्हणतो. तोच वेळ विमानाच्या स्वतःच्या नोंदवहीत असतो, संस्थेच्या उड्डाण-परवानगीच्या वहीत असतो. मुलाखतीला जाण्याआधी या तिन्ही नोंदी शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहा. प्रत्येक पानाची बेरीज, मागल्या पानावरून आलेली रक्कम, शेवटी मुख्य प्रशिक्षकाची सही. हे काम आठवड्याभराचं आहे, एका रात्रीचं नाही. ड्युअलचे, म्हणजे प्रशिक्षकासोबतचे, तास कमांडच्या रकान्यात सरकलेले असतात, सिम्युलेटरचे तास एकूण उड्डाणात मिसळलेले असतात. ते शोधा आणि सापडलं की पांढरी शाई लावू नका. रेघ, बरोबर आकडा, सही, तारीख.

जगभरच्या वैमानिकांत ‘पार्कर पेनाचे तास’ असा एक शब्दप्रयोग आहे. जे आकाशात झाले नाहीत, फक्त पेनानं झाले, ते तास. 2011 मध्ये राजस्थानात खोटे उड्डाणतास दाखवून परवाने मिळवल्याच्या आरोपावरून वैमानिकांना अटक झाली होती. ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. मागे बसलेल्या प्रवाशाला वैमानिकाचं नावसुद्धा माहीत नसतं. तो ज्यावर विश्वास टाकून डोळे मिटतो, ती ही वही आहे.

शेवटचा रकाना शेऱ्यांचा. मुलं तो कोरा सोडतात, याचं मला वाईट वाटतं. एकदा एका मुलीच्या वहीत पंचवीस मिनिटांचं क्रॉस कंट्री दिसलं. एवढ्यात कुठला प्रवास होतो? शेऱ्यात तीन शब्द होते: ‘ढग खाली, परत’. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, पुढचा डोंगर दिसेना, दहा मिनिटं वाट पाहिली आणि वळले. संस्थेतल्या कोणी नंतर काही म्हटलं का? म्हणाली, तास वाया गेला म्हणून थोडं बोलले. पण ती त्या दिवसाबद्दल इतकं स्वच्छ सांगत होती, वारा कुठून होता, इंधन किती उरलं होतं, की आम्ही पुढचे दोन प्रश्न विचारलेच नाहीत. सांताक्रुझच्या आडव्या धावपट्टीवरून आग्नेयेकडे निघालं की समोर हाच आपला ट्रॉम्बेचा डोंगर आणि अणुशक्ती केंद्राचं निषिद्ध आकाश येतं. तिथे वेळेवर वळणारा वैमानिक कसा असतो, ते त्या तीन शब्दांत मला दिसलं.

पाच-सहा मुलं-मुली आपापल्या वह्या घेऊन आली आहेत, असं कार्यकर्त्यांनी मघाशी सांगितलं. व्याख्यानानंतर मागच्या टेबलाशी बसू. येताना कोरा कागद आणि पेन्सिल आणा. आधी बेरीज कागदावर करायची, मगच वहीला हात लावायचा.