संशोधनाचा गौरव आणि आपले ऋण
(वार्षिक संमेलनातील भाषण)



गुणिजनांचा सत्कार करणे ही आपल्या मंडळाची जुनी रीत आहे. परीक्षेत पहिला आलेला विद्यार्थी, परदेशी जाऊन पदवी मिळविणारा डॉक्टर, यांच्या गळ्यात आपण आनंदाने हार घालतो. आज मात्र आम्ही एका निराळ्या कर्तृत्वाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. कर्करोगावरील संशोधन म्हटले की नवे यंत्र किंवा महागडे औषध आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु जो उपाय गरिबाच्या दारापर्यंत पोहोचत नाही, त्याचे संशोधन अर्धेच झाले, असे आमचे मत आहे.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचेच पाहा. हा रोग सावकाश वाढतो. त्याची पूर्वावस्था वेळीच ओळखल्यास प्राण वाचतो. पाश्चात्त्य देशांत पेशींच्या तपासणीने हे साधले. पण तीस प्रयोगशाळा हवी, तज्ज्ञ हवेत, आणि निकालासाठी स्त्रीने पुन्हा यावयास हवे. जिची एका दिवसाची मजुरी बुडाली की चूल पेटत नाही, तिने पुन्हा कसे यावे?

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. सुरेंद्र शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न रुग्णाच्या बाजूने पाहिला. गर्भाशयमुखास सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे आपल्या व्हिनेगरमधील आम्ल, लावले असता सुमारे मिनिटभरात रोगट भाग पांढरा दिसतो. निकाल जागच्या जागी कळतो. १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये त्यांनी या पद्धतीची कसोटी सुरू केली. तपासणारे डॉक्टर नव्हते. दहावीपर्यंत शिकलेल्या आणि चार आठवड्यांचे शिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या. तपासणी वस्तीजवळच झाली, आणि ती स्त्रीने स्त्रीची केली. संकोच, अंतर आणि खर्च या तीनही भिंती एकदम खचल्या. बारा वर्षांच्या अनुभवान्ती तपासणी झालेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. २०१३ मध्ये शिकागो येथील कर्करोगतज्ज्ञांच्या परिषदेत हा निकाल मुख्य सभेपुढे मांडला गेला.

पुढे शास्त्र आणखी सरकले. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने विषाणूच्या तपासणीस अग्रक्रम दिला. तथापि स्त्रीपर्यंत आपण जावे, तिला आपल्यापर्यंत ओढू नये, हा धडा जुना होणारा नाही.

या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या दीड लाखांतील निम्म्या स्त्रिया तुलनेच्या गटात होत्या. त्यांना रोगाची माहिती दिली गेली. तपासणी दिली गेली नाही. त्या काळी देशात अशी नियमित तपासणी मिळतच नव्हती, असे संशोधकांचे म्हणणे होते. तरीही या रचनेवर कठोर टीका झाली. निकाल हाती आल्यावर त्या स्त्रियांनाही तपासणी देण्याचे ठरले. पण मधल्या वर्षांत ज्या गेल्या, त्या परत येणार नव्हत्या. हा वाद येथे सोडविण्याचा आमचा अधिकार नाही. एवढे मात्र खरे की, या ज्ञानाचे मोल गरीब स्त्रियांनी दिले आहे. म्हणून गौरव करावयाचा तर तो संशोधकांचा, दारोदार फिरलेल्या सेविकांचा आणि त्या अनाम भगिनींचाही केला पाहिजे.

असा गौरव हारतुऱ्यांनी कसा पुरा व्हावा? आपल्या सुशिक्षित घरांतही या रोगाचे नाव दबक्या आवाजात घेतले जाते. दुखणे लपविण्यात मर्यादा मानली जाते. ही मर्यादा नव्हे, ही आत्मवंचना आहे. आमची दोन नम्र मागणी आहेत. मंडळाने पुढील वर्षापासून एक पारितोषिक आरोग्यसेविकेस द्यावे. आणि आपल्या निधीतून स्त्रियांच्या तपासणीची सोय करावी. ती आपल्या लेकीसुनांसाठी जशी, तशीच आपल्या घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईसाठीही असावी. मंडळ एका ज्ञातीचे असले, तरी रोग ज्ञात विचारीत नाही; आपल्या निधीनेही येथे ती विचारू नये.