गळ्यातली पाटी

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज बोलायचंय ओकिनावावर. जपानच्या दक्षिणेला, तैवानकडे जाणाऱ्या समुद्रात ही बेटं आहेत. पण सुरुवात मी तळापासून, विमानांपासून करत नाही. एका शाळेपासून करतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या शाळांत लाकडाची एक पाटी असायची. पोरगं वर्गात आपल्या आईची भाषा बोललं की ती पाटी त्याच्या गळ्यात. शाळेत सगळ्यांसमोर तीच मिरवायची. सुटका कशी? दुसरं एखादं पोर ओकिनावी बोलताना पकडायचं आणि पाटी त्याच्या गळ्यात घालायची. मास्तरला काठीही उचलावी लागत नव्हती. पोरंच पोरांवर पहारा करत होती. गळ्यात काही अडकवणं म्हणजे काय, हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. फक्त ही पाटी लक्षात ठेवा. पुढचं सगळं भाषण तिच्यावरच आहे.

ओकिनावा मुळात जपान नव्हतंच. तिथं र्‍युक्यू नावाचं स्वतंत्र राज्य होतं. चीनशी, जपानशी, आग्नेय आशियाशी व्यापार करणारं. १६०९ साली जपानच्या सात्सुमा सरदारांनी ते मारलं आणि मांडलिक केलं. १८७९ साली मेइजी सरकारनं राजाला तोक्योला नेऊन ठेवलं आणि राज्याचा जिल्हा करून टाकला. म्हणजे जमीन घेतली, राजा घेतला, मग भाषा घेतली. आणि सांगितलं, तुम्ही आता जपानी. पण पूर्ण नाही हं! जरा खालचे.

१९०३ साली ओसाकाला मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं. त्याच्या बाजूला एका तंबूत जिवंत माणसं मांडली होती. उत्तरेकडचे आयनू, तैवानचे आदिवासी आणि ओकिनावाच्या बायका. तिकीट काढून लोक बघायला येत. ओकिनावात संताप झाला. व्हायलाच पाहिजे होता. पण तिथल्या वर्तमानपत्रानं काय लिहिलं? आम्हाला आयनूंच्या आणि आदिवासींच्या रांगेत कसं बसवता, आम्ही तर खरे जपानी! बघा, पाटी कशी काम करते. माणूस प्रदर्शनात का मांडला, हा प्रश्नच नाही. मला याच्या शेजारी का मांडला, हा प्रश्न. उतरंडीतलं मडकं वरच्या मडक्याकडं बघतच नाही. आपण खालच्याला चिकटलोय याचीच त्याला लाज.

खरे जपानी होण्याची किंमत १९४५ साली चुकवावी लागली. अमेरिकन सैन्य उतरलं. जपानी सेनापतींना मुख्य भूमीवरचा हल्ला लांबवायचा होता, म्हणून ओकिनावात शक्य तितकं लढत राहायचं ठरलं. ओकिनावा म्हणजे वेळ काढण्याची जागा. तीन महिन्यांत दोन लाखांवर माणसं मेली. ओकिनावातला चारांतला एक माणूस गेला. जपानी सैन्यानं हुकूम काढला की ओकिनावी भाषेत बोलणाऱ्याला हेर समजावं. शाळेत ज्या भाषेनं पाटी मिळत होती, त्याच भाषेनं आता गोळी मिळायला लागली. शत्रूच्या हाती सापडणं म्हणजे मरणापेक्षा वाईट, असं डोक्यात भरलेलं. योमितान गावच्या चिबिचिरी गुहेत ऐंशीहून जास्त माणसं मेली. आयांनी स्वतःची पोरं मारली. त्यांना बरेच जण आजही आत्महत्या म्हणत नाहीत. बरोबरच आहे. ज्याच्या हातात सुरा दिला आणि डोक्यात भीती भरली, त्याच्या नावावर खून लिहून सरकारला मोकळं होता येत नाही.

लढाई संपली. जे वाचले ते छावण्यांत कोंडले. बाहेर येऊन बघतात तर घर नाही, शेत नाही, तारेचं कुंपण. आत धावपट्टी. २८ एप्रिल १९५२ ला जपान स्वतंत्र झाला. कसा? ओकिनावा अमेरिकेच्या हवाली करून. जपानात तो दिवस स्वातंत्र्याचा. ओकिनावात त्याला अपमानाचा दिवस म्हणतात.

मग संगिनी आणि बुलडोझर आले. इए नावाच्या लहान बेटावर १९५५ साली सैनिकांनी शेतकऱ्यांची घरं पाडली, जाळली. हे शेतकरी काय करणार? ते भिकारी होऊन निघाले. सगळ्या ओकिनावाभर चालत गेले आणि लोकांना सांगितलं, भीक मागणं लाजेचं आहे, पण आमची जमीन लुबाडून आम्हाला भिकारी करणं त्याहून लाजेचं आहे. त्यांचा पुढारी आहागोन शोको. त्यानं सोबत्यांना नियम घालून दिले होते. अमेरिकनांशी बसून बोलायचं. बोलताना हात कानाच्या वर न्यायचा नाही. तुमच्यातल्या काहींना हसू येईल. मलाही पहिल्यांदा आलं होतं. पण विचार करा. समोरच्याला गोळी घालायला निमित्त हवंय. आणि या नि:शस्त्र माणसानं ठरवलंय, निमित्त देणार नाही आणि जमीनही देणार नाही. हा माणूस १०१ वर्षं जगला, २००२ साली गेला. जमीनीवरची सही त्यानं कधी केली नाही.

१९५६ साली राजधानी नाहाच्या लोकांनी सेनागा कामेजिरोला नगराध्यक्ष केलं. हा नुकताच तुरुंगातून सुटून आलेला, अमेरिकेचा कट्टर विरोधक. अमेरिकनांनी नगरपालिकेचा बँकेतला पैसा गोठवला. लोकांनी काय केलं? रांगा लावून कर भरला! शेवटी सेनाधिकाऱ्यांनी कायदाच बदलून त्याला खुर्चीवरून काढला. लोकशाही शिकवायला आलेले हेच ते.

आता पाटीकडं परत या. पन्नाशीत जपानच्या मुख्य भूमीवरही तळ होते, आणि लोक त्यांच्याविरुद्ध उठले होते. मग गिफू आणि यामानाशीतले मरीन सैनिक हलवले. कुठं? ओकिनावात. मुख्य भूमीवरचे तळ घटत घटत चौथाईवर आले आणि ओकिनावातले दुप्पट झाले. मुख्य भूमीनं पाटी काढली आणि या पोराच्या गळ्यात घातली. वर्गात शांतता झाली.

२० डिसेंबर १९७० ची रात्र. कादेना हवाईतळाशेजारचं कोझा शहर. दारू प्यालेल्या सैनिकानं गाडी चालवून एका ओकिनावी माणसाला ठोकलं. त्याच्या आधी इतोमानला अशीच एक बाई चिरडून मारली होती आणि लष्करी कोर्टानं सैनिकाला निर्दोष सोडला होता. त्या रात्री लोक फुटले. अमेरिकनांच्या सत्तरहून जास्त गाड्या जाळल्या. एकही जीव गेला नाही. आणि काळ्या सैनिकांना गर्दीनं जाऊ दिलं, असं त्या रात्री तिथं असलेले लोक सांगत आले. कोझात गोऱ्यांचे आणि काळ्यांचे दारूचे अड्डे वेगळे होते. काळ्या सैनिकांत ब्लॅक पँथरचा विचार पोचला होता. दंगलीनंतर त्यांनी ओकिनावी लोकांच्या बाजूनं पत्रकं वाटली. ज्या नावानं १९७२ साली आपली पोरं मुंबईत उभी राहिली, ते नाव कोझाच्या गल्ल्यांत आधीच फिरत होतं. तळाच्या आत राहणारा तो काळा सैनिकही कुणाची तरी पाटी गळ्यात घेऊन आला होता. त्यानं ती खालच्याच्या गळ्यात घालायला नकार दिला.

१५ मे १९७२ ला ओकिनावा जपानला परत मिळालं. तळ मात्र तिथंच राहिले. आजचा हिशेब ऐका. जपानच्या एकूण जमिनीत ओकिनावाचा वाटा ०.६ टक्के. पण अमेरिकन सैन्याच्या खास ताब्यातली सुमारे ७० टक्के जमीन तिथं. १९९५ साली तीन सैनिकांनी बारा वर्षांच्या शाळकरी मुलीवर बलात्कार केला. करारानुसार आरोपपत्र होईपर्यंत आरोपी अमेरिकेच्याच ताब्यात! ८५,००० माणसं रस्त्यावर आली. ताकाझातो सुझुयो आणि इतर बायकांनी संघटना बांधली आणि विचारलं, देशाची सुरक्षा म्हणता, ती नेमकी कुणाची? बाईच्या देहावरून जाणाऱ्या सुरक्षेला सुरक्षा म्हणायचं का? २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार झाला. मार्च २०२४ मध्ये आरोपपत्र झालं. ओकिनावाच्या प्रशासनाला कळलं जूनमध्ये.

त्या ९५ च्या मोर्चानंतर सरकारनं १९९६ साली वचन दिलं की भर वस्तीतला फुतेन्मा तळ पाच ते सात वर्षांत परत देऊ. पण बदली जागा पाहिजे. कुठं? ओकिनावातच, हेनोकोच्या समुद्रात भराव घालून. २०१९ च्या सार्वमतात सुमारे ७२ टक्के मतं विरोधात पडली. काम थांबलं नाही. समुद्राचा तळ भुसभुशीत निघाला, त्यात सत्तर हजारांहून जास्त खांब ठोकायचे ठरले. गव्हर्नर तामाकी डेनी परवानगी देईनात, तेव्हा २०२३ च्या डिसेंबरात केंद्र सरकारनं त्यांच्या ऐवजी स्वतःच सही केली. मत तुमचं, सही आमची!

आणि भरावाची माती कुठून आणायचा बेत? बेटाच्या दक्षिणेतूनही. जिथं ४५ सालची माणसं मेली, जिथल्या मातीत अजून हाडं सापडतात. गुशिकेन ताकामात्सु कित्येक वर्षं ती हाडं हातानं वेचतोय. २०२१ साली तो उपोषणाला बसला. त्याचं म्हणणं साधं आहे. युद्धात मेलेल्यांची हाडं पुढच्या युद्धाच्या तळाखाली घालू नका.

२०१६ साली ताकाए गावाजवळच्या जंगलात हेलिकॉप्टरचे तळ बांधत होते. लोक आडवे झाले. ओसाकाहून आणलेल्या एका पोलिसानं आंदोलकाला शिवी दिली, ‘दोजिन’. म्हणजे रानटी, जंगली. १९०३ चं प्रदर्शन ओसाकाचं, हा पोलिसही ओसाकाचा. तंबू उठला, तिकीटखिडकी गेली, नजर तीच!

आता शेवटचा आणि अवघड मुद्दा. ओकिनावाच्या चळवळीत आज एक वाद आहे. काही म्हणतात, संरक्षण-करार सगळ्या जपानला हवा ना? मग तळही मुख्य भूमीनं घ्यावेत, आपला वाटा उचलावा. दुसरे म्हणतात, नको. आमच्या गळ्यातलं मरण दुसऱ्याच्या गळ्यात कसं घालू? व्हिएतनामवर बॉम्ब टाकायला विमानं कादेनावरून उडत होती, तेव्हाच आम्ही शिकलो की आमची जमीन दुसऱ्यांच्या मरणाला वापरतात.

मला विचाराल तर दोन्ही बाजूंत सच्चाई आहे. पण एक फरक ओळखा. पाटी खालच्याच्या गळ्यात घालणं वेगळं. आणि ज्यानं ती बनवली, ज्याला तिचा फायदा झाला, त्याच्या हातात परत देऊन ‘ही तुझी, तू सांभाळ’ म्हणणं वेगळं. आता मुख्य भूमीवरच्या काही जपान्यांनीच म्हणायला सुरुवात केलीय की तळ आमच्याकडं आणा. आपल्या गळ्यात पाटी घेतल्याशिवाय माणसाला तिचं वजन कळत नाही. ज्या दिवशी ते वजन सगळ्यांना कळेल, त्या दिवशी ती फोडायला सगळेच पुढं येतील.

हेनोकोच्या फाटकासमोर म्हातारी माणसं वर्षानुवर्षं जमिनीवर बसत आलीत. पोलीस उचलून बाजूला ठेवतात. ती उठून परत येऊन बसतात. यातल्या काहींच्या गळ्यात लहानपणी ती पाटी होती. ती आता त्यांनी कुणाच्याही गळ्यात घातलेली नाही.

आपल्या गळ्यात काय आहे आणि आपण ते कुणाच्या गळ्यात घालायला निघालोय, हे घरी जाताना स्वतःला विचारा. एवढंच सांगून थांबतो.